इंजिनीअरिंगची पदवी आणि डिप्लोमा: मान्यता, मूल्यांकन आणि किंमत – नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की आमच्याकडे विचारणा सुरू होते. सिन्नर, निफाड, दिंडोरीहून येणारे पालक, सातपूर-अंबडला डिप्लोमावर नोकरी करणारी मुलं, आखातात जायच्या तयारीत असलेले इंजिनीअर. कॉलेजचं नाव बदलतं, प्रश्न तेच राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. अमुक कॉलेज घ्या, तमुक सोडा, असं इथे सापडणार नाही. ते आम्ही फोनवरही सांगत नाही. कॉलेज तुमचं तुम्हाला तपासता यावं, एवढ्यासाठीच हे पान आहे.

१. “आमचं कॉलेज मान्यताप्राप्त आहे” असं सगळेच सांगतात. मान्यता नेमकी कोणाची बघायची?

या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

पहिली मंजुरी. इंजिनीअरिंग आणि डिप्लोमाची कॉलेजं चालवायला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मंजुरी लागते. ही परिषद १९४५ पासून आहे, पण तिला कायद्याचे दात फुटले ते १९८७ च्या कायद्याने. दुसरी संलग्नता, म्हणजे परीक्षा कोण घेणार आणि पदवी कोण देणार. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत येतो, त्यामुळे इथली बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजं त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. डिप्लोमाचं काम मुंबईच्या महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे, म्हणजे एमएसबीटीईकडे आहे. तिसरी गोष्ट मूल्यांकन, म्हणजे कॉलेज किंवा शाखा कशी आहे हे बाहेरच्या संस्थेने जोखणं: नॅक (राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद) आणि एनबीए (राष्ट्रीय प्रत्यायन मंडळ).

कॉलेजकडे पहिल्या दोन नसतील तर तो कागद पदवीच नव्हे (खासगी विद्यापीठाचं वेगळं, प्रश्न ९). तिसरी नसली तरी पदवी वैधच राहते, फक्त काही दारं बंद होतात (प्रश्न ६ आणि १६). माहितीपत्रकात मात्र नेमकी तिसरीच मोठ्या अक्षरांत छापलेली असते आणि पहिल्या दोन गृहीत धरायला लावतात.

२. एआयसीटीईची मंजुरी घरबसल्या कशी तपासायची?

कॉलेजच्या वेबसाइटवर ‘ईओए’ शोधा. मंजुरीला मुदतवाढ देणारं हे पत्र असतं आणि त्याची पीडीएफ बहुतेक ठिकाणी सापडते. सापडली नाही तर ऑफिसात जाऊन मागा. “बघून सांगतो” असं उत्तर आलं, तर तेही एक उत्तरच आहे.

पत्र उघडल्यावर वरचा मजकूर आणि सही-शिक्का बघून खूश होऊ नका. आधी वर्ष बघा. पत्र ज्या शैक्षणिक वर्षाचं तेच तुमच्या प्रवेशाचं आहे का? मग पत्ता. संस्थेची तीन कॉलेजं असतात आणि पत्र भलत्याच आवारातल्या कॉलेजचं असतं. मग खालचा तक्ता. त्यात प्रत्येक शाखेचं नाव, ती कोणत्या विद्यापीठाशी किंवा मंडळाशी संलग्न आहे, मागच्या वर्षीच्या जागा आणि यंदाच्या जागा असे रकाने असतात. तुमच्या शाखेची ओळ बोट ठेवून वाचा. मागच्या वर्षी १२० आणि यंदा ६० असेल, तर का ते विचारा. मागच्या वर्षी शून्य आणि यंदा ६० असेल, तर ती शाखा नवी कोरी आहे. तिची एकही बॅच अजून बाहेर पडलेली नाही, त्यामुळे तिच्या प्लेसमेंटचे आकडे कोणी सांगत असेल तर ते दुसऱ्या शाखेचे आहेत.

हीच माहिती एआयसीटीईच्या पोर्टलवर राज्य आणि जिल्हा निवडूनही मिळते. सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या यादीत कॉलेजचा कोड असतो. कॉलेज त्या यादीतच नसेल, तर प्रश्न ९ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. नाशिक विभागातलं कॉलेज म्हणजे पुणे विद्यापीठाचीच डिग्री ना?

नाही. प्रवेशासाठीचा नाशिक विभाग वेगळा, विद्यापीठाची हद्द वेगळी. विभागात नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार येतात. त्यांतले नाशिक आणि अहिल्यानगर पुणे विद्यापीठाकडे आहेत, उरलेले तीन जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे. लोणेरे इथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तर राज्यभरातल्या तांत्रिक कॉलेजांना संलग्न करून घेऊ शकतं. म्हणून शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतल्या कॉलेजांची डिग्री दोन विद्यापीठांची निघू शकते. ईओए पत्रातला संलग्नतेचा रकाना हेच सांगतो. तिन्ही विद्यापीठं राज्य सरकारची आहेत, तिन्हींची पदवी वैध आहे.

४. कॉलेज ‘ऑटोनॉमस’ झालं. आता डिग्री कॉलेजची की विद्यापीठाची?

विद्यापीठाचीच. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम ठरवतं, पेपर काढतं, निकाल लावतं. पदवी संलग्न विद्यापीठाची असते आणि तिच्यावर कॉलेजचं नाव येतं. पंचवटीतलं के. के. वाघ इंजिनीअरिंग कॉलेज हे जिल्ह्यातलं ओळखीचं उदाहरण.

स्वायत्ततेने पदवीची किंमत आपोआप वाढत नाही आणि घटतही नाही. अभ्यासक्रम लवकर बदलता येतो, निकाल वेळेवर लागतात, हा फायदा. शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकाच छताखाली आल्याने मार्क सैल सुटतात, ही शंका कंपन्यांच्या एचआरला असते, आणि ती सगळीच निराधार नाही. प्रवेशाआधी त्या कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठून प्रश्नपत्रिका मागा. तुम्हाला विषय कळत नसला तरी क्लासच्या सरांना दाखवता येईल.

५. बी.ई. मोठी की बी.टेक.?

सारखीच. विद्यापीठाने आपल्या पदवीला काय नाव दिलं एवढाच फरक. या प्रश्नावर एकाही घरात भांडण होऊ नये, पण होतं.

६. नॅक आणि एनबीए यांत काय फरक? ‘नॅक ए प्लस’ असेल तर एनबीएची गरज काय?

नॅक सगळ्या संस्थेला जोखतं, एनबीए एका शाखेला. दोन्ही १९९४ सालच्या. नॅकचं ऑफिस बंगळुरूला, ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या छत्राखालचं. एनबीए आधी एआयसीटीईचा भाग होतं, २०१० मध्ये स्वतंत्र झालं.

नॅकची श्रेणी चारपैकी गुणांवर ठरते: ३.५१ पासून ए प्लस प्लस, ३.२६ पासून ए प्लस, ३.०१ पासून ए, आणि तशीच खाली सीपर्यंत. दीडपर्यंत गुण असले तर डी, म्हणजे नापास. साधारण पाच वर्षं ती चालते. त्यात इमारत, ग्रंथालय, संशोधन, कारभार असं सगळं येतं. ए प्लस कॉलेजातली एखादी शाखा रडतखडत चालू शकते, हे यातून दिसत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली होती. म्हणून श्रेणी वाऱ्यावर सोडा असं नाही, पण तिच्यापुढे हात जोडून उभं राहायचंही कारण नाही. श्रेण्या काढून टाकून ‘मूल्यांकित आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायची पद्धत नॅकने २०२४ मध्ये जाहीर केली आहे, त्यामुळे जुन्या श्रेणीचा बोर्ड दिसला तर तिची मुदत विचारा.

एनबीए मेकॅनिकलला वेगळं, कॉम्प्युटरला वेगळं, तीन किंवा सहा वर्षांसाठी मिळतं. एका कॉलेजात चार शाखांना असतं आणि तीन शाखांना नसतं, हे नेहमीचंच चित्र. गेटवरच्या फ्लेक्सवर मात्र ‘एनबीए मान्यताप्राप्त कॉलेज’ एवढंच लिहितात. एनबीएच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाकून शाखांची यादी काढा आणि प्रत्येकीपुढचा कालावधी बघा. तुम्ही प्रवेश कधी घेता यापेक्षा पास कधी होणार, हे महत्त्वाचं. प्रवेशाच्या दिवशी मान्यता होती आणि तुम्ही बाहेर पडताना संपलेली होती, असं झालं तर परदेशात विचारतात ते तुमच्या पासिंगच्या वर्षाचं.

फक्त स्थानिक नोकरी करायची असेल तर एनबीए नसल्याने आकाश कोसळत नाही. सातपूरच्या कारखान्यात मुलाखतीला कोणी ते विचारत नाही. पण दोन कॉलेजं हरतऱ्हेने सारखी असतील तर ज्या शाखेला एनबीए आहे ती घ्या. निदान कोणीतरी बाहेरचं येऊन प्रयोगशाळेतली मशिनं चालू आहेत का हे बघून गेलेलं असतं.

७. “आमची ९२ टक्के प्लेसमेंट” हे खरं मानायचं का?

आकडा खोटा असेलच असं नाही. तो कशाचा टक्का आहे, ते विचारा.

समजा एका कॉलेजात पहिल्या वर्षाला ९८ मुलं आली आणि डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला २०. एकूण ११८. त्यातली ८४ वेळेत पास झाली. प्लेसमेंटसाठी सगळ्या सेमिस्टरना बॅकलॉग नाही, साठ टक्क्यांच्या वर आहे, नाव नोंदवलं आहे अशी ५० मुलं ‘पात्र’ धरली. त्यातल्या ४६ जणांना ऑफर मिळाली. ४६ भागिले ५० म्हणजे ९२ टक्के. ४६ भागिले ११८ केलंत तर ३९ टक्के. दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण फ्लेक्सवर पहिलंच येतं.

खरे आकडे मिळवायची एक चांगली जागा आहे आणि पालकांना ती सहसा माहीत नसते. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना पाठवलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. नंबर आला नसला तरीही. ती पीडीएफ उघडा. त्यात पहिल्या वर्षाच्या जागा, प्रत्यक्ष प्रवेश, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळालेले, नोकरी लागलेले, पुढे शिकायला गेलेले आणि पगाराचा मध्यक, असे रकाने ओळीने असतात. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधला. ‘हायेस्ट पॅकेज ४४ लाख’ हा एका मुलाचा आकडा असतो, मध्यक तुमच्या मुलाच्या जवळचा असतो. एक अडचण आहे: ही माहिती सगळ्या शाखांची मिळून असते, म्हणून शाखेपुरतं प्लेसमेंट सेलला वेगळं विचारावंच लागतं. कंपनीचं नाव, पद, ऑफर की इंटर्नशिप, हातात येणारा पगार किती, असं विचारा. ‘सीटीसी’त, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या एकूण वार्षिक पॅकेजात, बाँडचे पैसे आणि दोन वर्षांनी मिळणारा बोनसही धरलेला असतो.

हे जमत नसेल तर एक सोपा मार्ग. अंबडला किंवा सातपूरला ओळखीचं कोणी असेल तर त्याला विचारा, त्यांच्या प्लांटला गेल्या दोन वर्षांत कुठली मुलं लागली आणि टिकली.

८. शिक्षक पुरेसे आहेत का, हे बाहेरच्याला कसं कळणार?

एआयसीटीईचा नियम इंजिनीअरिंग पदवीला २० मुलांमागे एक शिक्षक. साठ जागांच्या शाखेत दुसऱ्या ते चौथ्या वर्षाची मिळून १८० मुलं, म्हणजे त्या विभागात साधारण ९ शिक्षक हवेत. कॉलेजने वेबसाइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ टाकायचं असतं आणि त्यात शिक्षकांची यादी असते. यादी वाचून दोन-तीन नावं लक्षात ठेवा आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा शिपायाला किंवा मुलांना विचारा, अमुक सर कुठे बसतात? कागदावरचे नऊ आणि वर्गात येणारे पाच, हे अंतर असं दोन मिनिटांत उघडं पडतं.

९. त्र्यंबक रोडला एकाच आवारात इंजिनीअरिंग कॉलेजही आहे आणि युनिव्हर्सिटीही. दोन्हींची डिग्री एकच का?

नाही. संस्था एक असली तरी कॉलेज सरकारी विद्यापीठाशी संलग्न असतं आणि खासगी विद्यापीठ स्वतःच्या नावाने पदवी देतं. प्रवेशाच्या पावतीवर कोणाचं नाव आहे ते वाचा, मुलांना नेणारी बस तर दोन्हींची एकच असते.

खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन होतं आणि यूजीसीच्या यादीत असतं, म्हणून त्याची पदवी वैध. त्याला एआयसीटीईचं पत्र नसलं तर दचकू नका. विद्यापीठाला स्वतःच्या विभागात अभ्यासक्रम सुरू करायला एआयसीटीईची आगाऊ परवानगी लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यातला निकाल आहे. दर्जाचे निकष मात्र पाळावे लागतात.

फरक पैशात पडतो. खासगी विद्यापीठात कॅप फेऱ्या नसतात आणि राज्याच्या बऱ्याच शिष्यवृत्त्या तिथे लागू होत नाहीत. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी राज्याने जुलै २०२४ मध्ये पूर्ण माफ केली, तीही अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. पावती फाडायच्या आधी ‘महाडीबीटी (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) लागतं का’ हे लेखी घ्या. तोंडी “होऊन जाईल” यावर अनेक घरांनी कर्जं काढली आहेत.

१०. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर डिग्री कमी दर्जाची होते का?

डिग्रीवर कोटा छापत नाहीत. पण संस्था पातळीवरच्या जागांनाही पात्रता आणि गुणवत्ता यादी लागू आहे आणि तो प्रवेश प्रवेश नियामक प्राधिकरणाकडून मंजूर व्हावा लागतो. ती मंजुरी झाली का, हे पहिल्याच वर्षी विचारून ठेवा. सीईटी न देता “नंतर ॲडजस्ट करू” म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा. फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार दिसते. त्याच्या वर पावतीशिवाय घेतलेला पैसा म्हणजे कॅपिटेशन, आणि त्यावर राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

११. बी.फार्म., आर्किटेक्चर, बीसीए यांनाही एआयसीटीईच का?

फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया आणि आर्किटेक्चरला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर. याबाबतचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१९ आणि २०२० च्या निकालांनी मिटला. या दोन्ही अभ्यासक्रमांत त्या-त्या कौन्सिलची मंजुरी नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय फार्मासिस्ट म्हणून काम करता येत नाही की आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. त्यामुळे इथे मंजुरीचं वर्ष बघणं इंजिनीअरिंगपेक्षाही महत्त्वाचं. कृषी अभियांत्रिकी आपल्या भागात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येते.

बीसीए, बीबीए, बीएमएस हे २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांची वेगळी सीईटी सुरू झाली. त्यानंतर काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम थोडं नाव फिरवून, सीईटीशिवाय चालू ठेवला. तो बेकायदा नाही, पण एमसीएला किंवा नोकरीला ‘बीसीए’ मागितलं तर तुमच्या गुणपत्रिकेवर ते नाव नसेल.

१२. दहावीला ७८ टक्के आहेत. डिप्लोमाला टाकू की अकरावी सायन्सला? आयटीआयचं काय?

मान्यतेच्या दृष्टीने तिन्ही रस्ते पक्के आहेत, म्हणून हा प्रश्न मुलाच्या स्वभावाचा आहे. हाताने काम आवडत असेल तर डिप्लोमा. सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणी नंबर लागला तर डोळे मिटून घ्या. कमी फी आणि नंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग. डिप्लोमा एमएसबीटीईचाच हवा. एखाद्या खासगी इन्स्टिट्यूटचा एक वर्षाचा ‘डिप्लोमा इन मेकॅनिकल’ नावाला डिप्लोमा असतो. कौशल्य मिळेल, पण त्यावर थेट दुसरं वर्ष नाही आणि जेईची, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याची परीक्षाही नाही.

आयटीआयचं प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं (राष्ट्रीय) की एससीव्हीटीचं (राज्याचं) ते बघा. नाशिकरोडच्या प्रेसच्या किंवा ओझरच्या एचएएलच्या जाहिरातीत ट्रेडचं नाव आणि प्रमाणपत्र देणारं मंडळ नेमकं लिहिलेलं असतं. त्यात बसला नाहीत तर अर्जच बाद. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. अप्रेंटिसशिपचं वर्ष वाया गेलं असं समजू नका, सातपूरला ते डिग्रीच्या एका सेमिस्टरपेक्षा जास्त वजनाचं ठरतं.

१३. ‘एआय अँड डेटा सायन्स’ घेतली तर सरकारी भरतीत कॉम्प्युटर इंजिनीअर धरतात का?

ते जाहिरातीवर आहे. काही जाहिराती ‘कॉम्प्युटर किंवा समकक्ष’ म्हणतात, काही शाखांची नावं मोजून देतात आणि तुमचं नाव त्यात नसतं. समकक्षतेचं पत्र विद्यापीठाकडून मिळवता येतं, पण अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात ते मिळत नाही. सरकारी नोकरी हेच ध्येय असेल तर सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर ही जुनी साधी नावं अजूनही सुरक्षित. खासगी कंपनीत हा प्रश्नच येत नाही. ही शाखा नवी असेल तर शिक्षक कुठून आणले, हे विचारा (प्रश्न ८). अनेक ठिकाणी कॉम्प्युटरचेच सर दोन्हीकडे धावत असतात.

१४. मी डिप्लोमावर अंबडला कामाला आहे. नोकरी न सोडता बी.ई. करता येईल का? मुक्त विद्यापीठातून चालेल?

इंजिनीअरिंगची पदवी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेता येत नाही. एआयसीटीई त्याला परवानगी देत नाही. दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनीअरिंग पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कडक निकाल दिला. २००१ ते २००५ च्या दरम्यान काही अभिमत विद्यापीठांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना नव्याने परीक्षा द्यावी लागली, आणि नंतरच्या बॅचच्या पदव्या रद्दच झाल्या. वर्षानुवर्षं नोकरीत असलेले लोक त्यात सापडले.

याचा अर्थ गंगापूर धरणाजवळचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ कमी प्रतीचं असा नाही. यूजीसीने मान्य केलेल्या दूरशिक्षणातल्या बी.ए., बी.कॉम. किंवा एम.बी.ए.ला नियमित पदवीचाच दर्जा आहे. बंदी आहे ती प्रयोगशाळेवर उभ्या असलेल्या इंजिनीअरिंगवर.

तुमच्यासाठी खरा रस्ता वेगळा आहे. एआयसीटीईने २०२३ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या किंवा सोयीच्या वेळेतल्या पदवी-डिप्लोमाच्या जागा काही कॉलेजांना दिल्या आहेत. अनुभव आणि कंपनीचं अंतर याच्या अटी आहेत आणि कंपनीचं पत्र लागतं. त्या वर्षीच्या ईओए पत्रात ही तुकडी वेगळी दाखवलेली असते, ती बघूनच पैसे भरा. “फक्त परीक्षेला या” म्हणणारा एजंट भेटला तर प्रश्न १७.

१५. माझ्याकडे ‘एएमआयई’ (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सची परीक्षा) आहे. ती चालते का?

तुम्ही नाव कधी नोंदवलं त्यावर. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांची ती पदवीसमान धरली जाते. त्यानंतरच्यांनी सरकारी नोकरीसाठी तिच्यावर विसंबू नये.

१६. कुवेत, दुबई, जर्मनी, कॅनडा. बाहेर आपली डिग्री चालेल का?

प्रत्येक देशाचा हिशोब वेगळा. इंजिनीअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत जून २०१४ मध्ये कायम सदस्य झाला. त्या कराराचा फायदा फक्त एनबीएच्या ‘टिअर वन’ मान्यतेतल्या पदवी शाखांना मिळतो, आणि ती मुख्यतः स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांना असते. संलग्न कॉलेजची साधी एनबीए म्हणजे ‘टिअर टू’. कॉलेजवाले हा फरक बहुधा सांगत नाहीत. डिप्लोमा या करारात येत नाही.

कुवेतने २०१८ मध्ये इंजिनीअर म्हणून व्हिसा ठेवायला एनबीए मान्यतेची अट लावली, आणि वीस-वीस वर्षं तिथे काम करणारे लोक कॉलेजला फोन करून “आमच्या वर्षी होती का?” विचारू लागले. मान्यता मागे लावून मिळत नाही, त्यामुळे उत्तर काय येणार हे ठरलेलंच होतं. जर्मनीत ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या यादीत विद्यापीठाचा दर्जा बघतात. तिथे कॉलेजपेक्षा विद्यापीठाचं नाव महत्त्वाचं. कॅनडाला बहुतेक जण ‘वेस’ या पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून समकक्षता काढतात आणि त्यासाठी विद्यापीठाने थेट पाठवलेलं ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांचं एकत्र गुणपत्रक) लागतं. आखातातल्या नोकरीसाठी आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, आणि देशाप्रमाणे अपोस्टिल (परदेशात चालणारं साक्षांकन) किंवा दूतावासाचा शिक्का. हे सगळं होईपर्यंत काही आठवडे जातात. व्हिसाची तारीख आल्यावर धावपळ करू नका.

१७. “मागच्या तारखेची डिग्री, युनिव्हर्सिटीत नोंदीसकट” असं एकजण सांगतोय. पैसे देऊ का?

नाही. आणि हा प्रश्न लेखी पाठवूही नका.

१८. कॉलेज बंद पडतंय म्हणतात. आमची मधली वर्षं?

‘प्रोग्रेसिव्ह क्लोजर’ असेल तर नवे प्रवेश थांबतात, आत असलेली मुलं तिथेच पूर्ण करतात. एकदम बंद झालं तर विद्यापीठ आणि तंत्रशिक्षण संचालनालय दुसऱ्या कॉलेजात सामावून घेतात. सामनगाव रोडला तंत्रनिकेतनाच्या आवारातच तंत्रशिक्षणाचं विभागीय कार्यालय आहे, अर्ज तिथे द्या आणि पोच घ्या. आधी पास झालेल्यांच्या पदवीला काहीही होत नाही, ती विद्यापीठाची असते. ट्रान्स्क्रिप्टवर कॉलेजची सही लागते ती अडचण मात्र खरी. कॉलेज चालू असतानाच दोन-तीन प्रती काढून ठेवा.

१९. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आहे, पण डिग्री सर्टिफिकेट घेतलेलंच नाही. चालेल?

पहिल्या नोकरीला चालतं, पुढे अडतं. पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज आणि फी भरावी लागते, ते आपोआप घरी येत नाही. नवीन बॅचची गुणपत्रिका आणि पदवी डिजिलॉकरमध्ये दिसते; तिथे नावातलं एक अक्षर, आईचं नाव आणि पासिंगचं वर्ष आधारशी जुळतं का ते आत्ताच बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज कॉलेजमार्फत विद्यापीठाला जातो, आणि जुन्या बॅचची चूक असेल तर मूळ दहावीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा, कारण पहिल्यांदा तेच मागतात.